लंडनच्या पाठीवर मिरच्या

काल लालबागवरून येताना टॅक्सीची काच खाली होती. मिरची गल्लीच्या तोंडाशी सिग्नल लागला आणि मला जी शिंक आली, तिच्यामागे आणखी चार-पाच रांग लावून उभ्याच होत्या. टॅक्सीवाल्या चाचांनी आरशातून बघितलं. "काँच ऊपर करूँ?" मी नको म्हटलं. वर्षभर एसी ऑफिसात बसून नाकाला कॉफीशिवाय काही कळेनासं होतं. मसाल्याचे दिवस आले की त्याला एकदम आठवतं, आपण कुठल्या घरचं नाक आहोत ते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी आपली खुशीत.

दुकानांपुढे पोत्यांची तोंडं उघडलेली. सुरकुतलेली काळपट लाल बेडगी, लांबुडकी संकेश्वरी, आणि ती कारटी लवंगी, दिसायला एवढीशी आणि खाणाऱ्याला घाम फोडणारी. बायका मिरची हातात घेतात, मोडतात, हुंगतात, भाव विचारतात, "इतकी?" म्हणून तोंड वाकडं करतात, सगळी गल्ली पालथी घालतात आणि शेवटी पहिल्याच दुकानात येऊन घेतात. माझी आई गेली कित्येक वर्षं हेच करते. तिला विचारलं तर म्हणते, "बघितल्याशिवाय कसा घेवचा? पैसे काय झाडाक लागतत?"

आमची चाळ डिलाईल रोडला. होळी झाली की चाळीची गच्ची बायकांच्या ताब्यात. दुपारी गॅलरीत पाय पसरून मिरच्यांची देठं काढायची, गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरच्या वाळवायच्या, मग लालबागला नेऊन डंखाच्या यंत्रावर कुटून आणायच्या. सगळ्या चाळीत खकाणा उठतो. तान्ह्या पोरापासून पेन्शनीतल्या आजोबांपर्यंत सगळे खोकतात आणि कुणीही तक्रार करत नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय याच खकाण्यात झाला. म्हणून ही शिंक मला प्रिय आहे.

त्या वर्षी मी परदेशात फायनान्सचं मास्टर्स करायचं म्हणून कंबर कसली होती. कॉमर्स झालं होतं, एका ब्रोकरच्या ऑफिसात दोन वर्षं आकडे भरून झाले होते, आणि आपण आकडे नुसते भरतोय, ते बोलतात काय हे आपल्याला कळत नाही, हे मला आतून खात होतं. दादरला स्टेशनाजवळ, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं एक ऑफिस होतं. तिथे बाबांना घेऊन गेले. बाबा फोर्टातल्या एका शिपिंग कंपनीत क्लार्क. रजा टाकून आले होते, तरी सवयीने डब्याची पिशवी मांडीवर. समोरच्या मॅडम गोड हसल्या. "बजेट नंतर बघू, सर. आधी ड्रीम काय आहे ते सांगा."

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "लंडन."

बाबांना हौसेने मोठेपणा मिरवायचा होता असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. माझे आजोबा गिरणीत साळखात्यात, कापड विणायला होते. त्यांच्या साच्यावर ओतीव लोखंडात विलायतेतल्या कुठल्याशा गावाचं नाव होतं. बाबा लहानपणी आजोबांचा डबा घेऊन जायचे तेव्हा ते नाव बोटाने गिरवायचे. जे जे मोठं, मजबूत, न मोडणारं, ते तिकडून येतं, असं त्यांच्या मनात तेव्हापासून बसलेलं. आता त्यांचं चेडू तिकडे जाणार होतं. यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. मी मात्र तेव्हा केली होती, थोडीशी.

लंडनची ऑफर आली. मॅडमचा फोन, अभिनंदन, पेढे. बाबांनी ही गोष्ट फक्त एकाला सांगितली, तीसुद्धा "कोणाला बोलू नको" म्हणून. तो एक म्हणजे सुऱ्यादादा, आमच्या चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी. ज्याला सांगितलं की गावभर होतं, असा माणूस प्रत्येक चाळीत देवच नेमून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर गेटवर फ्लेक्स.

मागे निळं आकाश आणि तो घड्याळाचा मनोरा. पुढे मी. फोटो मावसबहिणीच्या लग्नातला, तिला कापून काढलेलं, पण तिचा मेंदीचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिलेला. "कु. तन्वी परब हिची लंडन येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, त्यात सुऱ्यादादा गॉगल लावून. मी लाजेने मेले. बाबा मात्र त्या दिवशी ऑफिसला जाताना गेटपाशी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मग काय, सगळा रस्ताच अभिनंदन करायला लागला. वरळी कोळीवाड्याहून मासे घेऊन येणारी जयवंतीमावशी पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "लंडनला चाललीस ना गो बाय? तिकडं बोंबील भेटत नाय. खाऊन घे आताच." आणि वाट्यावर दोन जास्तीचे टाकले.

त्याच आठवड्यात जेवताना बाबा म्हणाले, "खोलीला गिऱ्हाईक बघितलंय. चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून आत्ता भाव बरा येतोय. तुझी फी, राहणं, सगळं निघेल. आम्ही दोघं बदलापूरला भाड्याने राहू. हवा चांगली आहे म्हणतात."

आईच्या हातात आमटीचा डाव होता. तो तिने परत पातेल्यात ठेवला, आणि कुणालाच वाढलं नाही.

खोली म्हणजे काय, ते सांगायला हवं. एक खोली. तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच मोरी, वर सामानाचा माळा, ज्याच्यावर मी अभ्यास करून पास झाले. आजोबा या खोलीत गावाहून आलेल्या किती जणांबरोबर राहिले ते त्यांनाच ठाऊक. गिरणी गेली, पगार गेला, आजोबा गेले, खोली राहिली. ती विकून मी लंडनला जायचं, एका वर्षात शिकायचं, ताबडतोब तिकडे नोकरी लागलीच पाहिजे, नाही लागली तर परत यायला घर नाही. आणि मी तर फायनान्स शिकणार होते. धोका म्हणजे काय, हे समजून घ्यायला चालले होते म्हणे!

आता माझ्याजवळ एक दुसरी गोष्ट होती, जी मी कुणाला बोलले नव्हते. दादरच्या मॅडमना न विचारता, मी स्वतः एक अर्ज केला होता. साधी आईची पद्धत. कॉलेजांच्या फिया खालून वर लावल्या आणि सगळ्यात खालून बघायला सुरुवात केली. खालून बघताना इटली लागली. उत्तरेतलं ट्यूरिन नावाचं शहर, सरकारी विद्यापीठ, फायनान्सचं दोन वर्षांचं मास्टर्स, शिकवणं इंग्रजीत. फी घरच्या मिळकतीवर ठरते. जितकं घर लहान, मिळकत कमी, तितकी फी कमी, आणि वरती शिष्यवृत्ती मिळाली तर राहण्याजेवणाचीही सोय. मी ते चार वेळा वाचलं. मला वाटलं, काहीतरी गफलत आहे, स्वस्त म्हणजे पाणचट असणार. म्हणून मग विषय बघितले, शिकवणाऱ्यांनी काय काय लिहिलंय ते बघितलं, शिकून गेलेली पोरं कुठे लागली ते हुडकून काढलं. पुस्तकं तीच होती. लंडनला जी एका वर्षात कोंबणार होते, तीच इथे दोन वर्षांत, मधल्या सुट्टीत कुठेतरी उमेदवारी करायला वाव ठेवून. शिष्यवृत्तीचं नक्की नव्हतं, निकाल तिथे पोचल्यावर लागणार होता. पण नाही मिळाली तरी माझी साठवण आणि बाबांचा थोडा हातभार यात भागणार होतं. फ्लेक्स लागून आठवडा झाला आणि त्यांचं उत्तर आलं, की या.

तो फ्लेक्स माझ्या अशा काही मानगुटीवर बसला होता की ती मेल वाचून मला आधी आनंद झालाच नाही. आधी मनात आलं, आता सुऱ्यादादाला काय सांगायचं! बघा, माणसाची अक्कल कुठे जाते ते.

गॅलरीत देठं काढायला बसलो होतो, आई आणि मी. बोटं झोंबत होती. मी मान वर न करता तिला सगळं सांगितलं. इटली, फी, दोन वर्षं, खोली विकायला नको. मग मान वर केली. बघते तर तिच्या डोळ्यांतून धारा. मी म्हटलं, "मिरच्या झोंबल्या काय गो?"

"मिरसांगो कसले झोंबतत," आई म्हणाली. "आठ दिवस झाले, माका जेवण जाणा नाय. ह्या घरात मी लग्न होऊन इलंय. तुका शिकाचा असा म्हणान मी गप रवलंय. तू आदी बोलूक नाय काय गो, मेले?"

मग दोघी रडलो, आणि शेजारच्या काकू तिकडून ओरडल्या, "यंदा लवंगी जास्त घेतलीस वाटतं गं!"

बाबांना सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदा "इटली" असं स्वतःशीच म्हणून बघितलं. मग खिडकीशी गेले. आमच्या खिडकीतून गेट दिसतं. म्हणाले, "सगळा बराबर असा. पण फ्लेक्स लागलो हा गो."

आईने हातातलं सूप खाली आपटलं. "फ्लेक्स लागलो म्हणान खोली इकतलास काय ओ?"

बाबांनी शर्ट चढवला आणि खाली गेले. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून बघत राहिले. खाली कॅरम चालला होता, सुऱ्यादादा आणि त्याची चार पोरं. बाबा जाऊन उभे राहिले.

"सुऱ्या, तन्वी लंडनला जात नाही."

"का काका? व्हिसा कटला काय?"

"नाही. परवडत नाही."

मी हे शब्द त्यांच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकले नव्हते. आमच्या चाळीत कुणालाच काही परवडत नाही, पण कुणी तसं म्हणत नाही. आम्ही म्हणतो, बघू. म्हणतो, सध्या नको. म्हणतो, तिकडची हवा मानवत नाही, शाळा लांब पडते, सोनं आता पूर्वीसारखं येत नाही. गावच्या पूजेला न जाण्याची आमच्याकडे नाना कारणं असतात, तिकिटाचं सोडून. आणि माझे बाबा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावणारे, चार पोरांसमोर भर संध्याकाळी सांगत होते की परवडत नाही. हात मागे बांधलेले.

सुऱ्यादादाच्या बोटाशी स्ट्रायकर होता. तो त्याने तसाच धरून ठेवला. मग म्हणाला, "काका, खरं सांगू? माझ्या पोराला इंग्लिश मीडियममधून काढला ना, तेव्हा मी सगळ्यांना काय बोललो? बस लांब पडते. बस कसली लांब पडते! शाळा इकडे मागेच आहे." पोरं हसली. बाबाही हसले. सुऱ्यादादा उठला आणि म्हणाला, "चला रे, फ्लेक्स उतरवा. मग चाललीय कुठे ती?"

"इटलीला. मोठं विद्यापीठ आहे, सरकारी. मेरिटवर मिळालंय," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज परत आपल्या जागेवर आला.

पोरं बांबूवर चढली. सुतळ्या सुटल्या. माझं तोंड आधी एका बाजूने लोंबलं, मग धाडकन खाली आलं. "फेकू काय?" कुणीतरी विचारलं. वरून आईचा आवाज सगळ्या चाळीला ऐकू गेला, "फेकू नको रे! गच्चीवर आण. माझ्या साड्या फाटल्यात सगळ्या!"

आणि त्या वर्षी आमच्या मिरच्या लंडनच्या पाठीवर वाळल्या. छापील बाजू खाली, पांढरी बाजू वर. झकास वाळल्या, आई म्हणते, साडीपेक्षा लवकर.

पुढची धावपळ मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. कागदांवर शिक्के, कागदांचं भाषांतर, पुन्हा शिक्के. पण एक संध्याकाळ लख्ख आठवते. फी ठरवण्यासाठी घर किती मोठं आहे ते लिहून द्यायचं होतं. बाबांनी शेजारून मोजपट्टी आणली. एक टोक आईने मोरीच्या कट्ट्याशी धरलं, दुसरं बाबांनी दाराशी. जन्मभर आम्ही पाहुण्यांना सांगत आलो की खोली तशी ऐसपैस आहे, वर माळा आहे, गॅलरी आहे. त्या संध्याकाळी बाबा हिरिरीने माळा वगळायला लागले. "माळा कसा धरतील? माळ्यावर माणूस उभा राहू शकत नाही." आई म्हणाली, "मोरीपण नका धरू." मी म्हटलं, "बाबा, जे आहे ते लिहायचं." बाबांनी शेवटी माळा वगळला, मोरी धरली, आणि आकडा बघून स्वतःच खूश झाले. म्हणाले, "इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं!" लहान खोलीचा अभिमान वाटलेली ती आमच्या घराण्यातली पहिलीच वेळ.

जयवंतीमावशीला गेटवरचा बदल लगेच कळला. "लंडन कॅन्सल? बरं झालं. मंग कुठं? तिकडं दर्या हाय ना?" मी म्हटलं, "नाही मावशी, डोंगर आहेत. बर्फाचे." तिने कपाळाला हात लावला. "मंग खाशील काय गो?" निघायच्या आदल्या दिवशी तिने सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुडी आणून दिली, सात पिशव्यांत गुंडाळलेली, आणि पैसे विचारल्यावर माझ्या अंगावर ओरडली.

ट्यूरिनमध्ये पहिल्यांदा फोडणीला घरून नेलेला तो मसाला टाकला तेव्हा अख्खा मजला खोकायला लागला. शेजारची मुलगी टॉवेल तोंडाला लावून धावत आली, आणि मला इतकं घरी आल्यासारखं वाटलं की मी चमचा हातात धरून हसतच सुटले. नंतर तीच डबा घेऊन दारात यायची. शिष्यवृत्ती मिळाली, थंडी सुरू झाल्यावर. पण सांगायचं आहे ते वेगळंच. पहिल्याच सत्रात एका पेपरात मी आपटले, चांगली सपशेल. बाकावर बसून समोरचे बर्फाचे डोंगर बघत होते आणि वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण पुन्हा देऊ, असं वाटलं. घरी फोन केला. आई म्हणाली, "मगे दी परत. जेवलंस?" मागे भांड्यांचा आवाज येत होता, त्याच मोरीतला. माझ्या नापास होण्यापायी कुणाचं घर गेलेलं नव्हतं. एवढी मोठी चैन लंडनने मला दिली नसती, कितीही उत्तम शिकवलं असतं तरी. तिथे कितीतरी पोरं जातात, नाव काढतात, मला त्यांच्याविषयी काही म्हणायचं नाही. मी माझ्यापुरतं बोलतेय.

पेपर पुन्हा दिला, सुटला. दोन वर्षं शिकले, थोडी वर्षं तिकडेच नोकरी केली, आणि परत आले. आता लोअर परळला एका काचेच्या इमारतीत बसते, कुणी किती धोका पत्करावा ते लोकांना सांगते, आणि त्याचे बरे पैसे मिळतात. चाळीतली, ओळखीपाळखीतली पोरं विचारायला येतात. मोबाइल पुढे करतात, "ताई, यातलं बेस्ट कुठलं?" मी म्हणते, "ते नंतर. तुझ्या जाण्यापायी घरी कुणी काही विकणार आहे का, ते आधी सांग." बरीच पोरं मोबाइल खिशात टाकतात. काहींना ठाऊकच नसतं. मी त्यांना घरी जाऊन विचारायला लावते. रागावतात माझ्यावर, रागावू देत.

आणि बाबांचे आभार मी कधी मानले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नाही, बाबांना "थँक्यू" म्हटलं तर ते आधी माझं कपाळ गरम आहे का बघतील. म्हणून इथे मानते. खोली विकायला निघालेल्या बाबांचे तर आहेतच, पण त्याहून जास्त, खाली जाऊन ते दोन शब्द बोलून आलेल्या बाबांचे. विकणं त्यांना सोपं गेलं असतं. आईचे, सूप आपटल्याबद्दल. सुऱ्यादादाचे, स्ट्रायकर धरून ठेवला आणि हसला नाही, त्याबद्दल. आणि त्या लहानशा खोलीचे, तिने स्वतःला मोजून घेतलं त्याबद्दल.

आता चाळ खरोखरच पाडणार आहेत. पावसाळा झाला की सामान हलवायचं. नवीन घर आई-बाबांच्या नावावर होईल, त्यात माळा नसेल. त्या उंच इमारतीच्या गच्चीवर मिरच्या वाळवू देतील असं कुणालाच वाटत नाही. म्हणजे हा इथला शेवटचा मसाला.

आज सकाळी मिरच्या घेऊन आम्ही तिघंही वर गेलो. बाबा रिटायर झालेत, त्यांना आता सगळ्यात लुडबुड करायला वेळ असतो. आईने फ्लेक्स उलगडला. इतकी वर्षं तो पांढऱ्या बाजूनेच अंथरला गेला. ती बाजू आता मिरच्यांनी पार तांबूस झालीय. बाबा म्हणाले, "ह्या खेपेक परतो घाल." आईने त्यांच्याकडे बघितलं आणि उलटा केला. निळं आकाश उडालंय. मनोरा फिकट. सुऱ्यादादाचा गॉगल तेवढा शाबूत. मी आहे, खांद्यावर तो मेंदीचा हात घेऊन, आणि कमालीची बारीक. बाबा कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाचत उभे राहिले, एकेक अक्षर. मग म्हणाले, "फोटो बरो इलो हुतो गो तुझो. तेव्हा नीट बघूकच गावलो नाय."

"बघून झाला?" आई म्हणाली. "सरा बाजूक. मिरसांगो घालूचे असत."

"घाल. पण तोंडार नको."

आई काहीतरी पुटपुटली. मग खाली बसली आणि मिरच्या पसरायला लागली. आकाशावर, मनोऱ्यावर, लंडनवर, शुभेच्छुकांवर. माझ्या तोंडाभोवती आली तेव्हा हाताने मिरच्या मागे सारल्या आणि तेवढी जागा मोकळी सोडली. बाकीच्या दाटीवाटीने बसवाव्या लागल्या. यंदा वाळायला दोन दिवस जास्त लागतील, असं आई जिना उतरताना म्हणाली.